उताऱ्यावरचं नाव

मंडळी, आज जरा लांब लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

२७ फेब्रुवारी २०२३ हा दिवस बेळगावकरांना आठवत असेल. पंतप्रधान बेळगावात आले होते. रोड शो झाला, नव्या रेल्वे स्टेशनचं उद्घाटन झालं आणि सभेतून पीएम किसानचा तेरावा हप्ता सोडला गेला. सोळा हजार कोटी रुपये, आठ कोटींहून जास्त शेतकऱ्यांच्या खात्यात. अख्ख्या देशाचा हप्ता बेळगावातून सुटला, आणि विमान उतरलं ते आमच्या सांबऱ्यात.

मी तेव्हा पुण्याहून चार दिवस गावाकडं आलो होतो. बाबा मसूर काढलेल्या रानात होते. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकेकाचे मोबाईल वाजत होते. चुलतभावाचा वाजला, समोरच्या घरातला वाजला. बाबांचा वाजला नाही. वाजणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो घरातच ठेवला होता.

पन्नास वर्षं एकच रान कसणारा माणूस, त्याला शेतकऱ्याचे पैसे का मिळाले नाहीत? कुणी खाल्ले नाहीत, कुणी अडवले नाहीत. कारण फार जुनं आहे. ते सांगायला आज्जीच्या ट्रंकेपासून सुरुवात करावी लागेल.

आज्जीची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात घरचे सगळे कागद असायचे. सगळ्यात खाली एक मोडीतला कागद होता. घरात कुणाला वाचता येत नव्हता. कोल्हापूरच्या एका जाणकार गृहस्थांनी वाचून दिला, तेव्हा कळलं की १९१९ साली आमच्या पणजोबांनी बैलासाठी साठ रुपये तगाई घेतली होती. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९१८ ला, मुंबई इलाख्यात पावसानं दगा दिला होता आणि इन्फ्लुएंझानं माणसं गेली होती. बैल विकून पोट भरलं असणार आणि पेरणीला परत बैल हवा झाला असणार.

आजच्या पिढीला तगाई हा शब्द माहीत नसेल. शेतकऱ्याला सरकारनं दिलेली उचल म्हणजे तगाई. इंग्रज यायच्या आधीपासून ती चालत आली होती. इंग्रजांनी तिला कायद्यात बसवलं. १८८३ चा कायदा जमीन सुधारणेसाठी, म्हणजे विहीर, बांध-बंदिस्ती यांसाठी. १८८४ चा बी-बियाणं आणि बैलांसाठी. पैसे मामलेदार कचेरीतून यायचे. व्याज लागायचं, आणि थकली तर शेतसाऱ्यासारखी वसूल व्हायची. म्हणजे शेवटी तारण जमीनच. त्यामुळं तगाई कुणाला द्यायची हे ठरवताना पहिला प्रश्न असायचा: जमीन कुणाच्या नावावर?

आता हे नाव कुठून आलं तेही बघा. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात मोजणी झाली. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर पडला, आकार ठरला आणि सारा भरणारा कोण याची नोंद झाली. पुढं १९०३ मध्ये हक्कनोंदीचा कायदा आला. सरकारला सारा वसूल करायला एक माणूस हवा होता. घर एकत्र, पण कागदावर नाव एकाचं, कर्त्याचं. ही सोय सारा घेण्यासाठी केलेली. शंभर वर्षांनी सरकार पैसे द्यायला निघालं तेव्हा हाच कागद त्याच्या हातात होता.

सांबऱ्याला या कागदाची किंमत १९४२ साली कळली. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सनं इथं धावपट्टी केली. आज्जी सांगायची की आमचीही एक पट्टी त्यात गेली. मोबदला मिळाला तो कागदावरच्या नावाला. घरात किती जण त्या पट्टीवर राबत होते हे विचारायला कोण येतंय? नंतर विमानतळ वाढत गेला. २०१७ ला नवी टर्मिनल इमारत झाली, आणखी रानं गेली. दर वेळी गावात एकच धावपळ: उतारा काढा, उतारा काढा.

ट्रंकेतल्या कागदांची भाषा बदलते ती मधल्या थरात. खाली मोडी, त्यावर बाळबोध मराठी, आणि वर सगळं कन्नड. १ नोव्हेंबर १९५६. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या तारखेबद्दल आपल्या घराघरांत खूप बोललं गेलंय, मी नव्यानं काय सांगणार? पण शेतीच्या कागदाच्या बाबतीत त्या दिवशी काय झालं हे फार कमी जण सांगतात.

आपला शेजारचा चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होता. तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, मुंबई राज्यात कृषक दिन आला. त्या दिवशी कुळं कायद्यानं जमिनीची मालक मानली गेली. इकडे म्हैसूर सरकारनं त्या तरतुदी स्थगित केल्या. इकडच्या कुळांना वाट बघावी लागली ती १ मार्च १९७४ पर्यंत. देवराज अरसांच्या काळात जमीन सुधारणा कायदा कडक झाला आणि कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरून जमिनी मिळवल्या. सतरा वर्षांचा फरक. माणूस तोच, रान तेच, घाम तोच, पण कागदावर नाव यायला एकाला १९५७ आणि दुसऱ्याला १९७४.

आमची जमीन घरचीच होती, त्यामुळं कुळाचा प्रश्न आला नाही. आमचा घोटाळा वेगळा.

आज्जा १९८८ ला वारले. पाच एकर दहा गुंठे जमीन. मुलगे दोन, थोरले काका आणि माझे बाबा. मुली दोन. वारसा लावताना रिवाजाप्रमाणं थोरल्याचं नाव लागलं, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून. आपल्याकडं किती घरांत असं आहे, सांगा बघू! तीन वर्षांनी दोघा भावांनी वाटणी केली. बांधावर उभं राहिले, नारळ फोडला, दगड रोवला. प्रत्येकी दोन एकर पंचवीस गुंठे. कागद केला नाही. कशाला करायचा? भाऊ भावावर संशय घेतो असं दिसलं असतं.

त्या दिवसापासून बाबांनी आपल्या वाट्यात भात केलं, भातावर मसूर, हरभरा, वाटाणा केला. बळ्ळारी नाल्याचं पाणी वर आलं की पीक कुजायचं, तेही सोसलं. पण सरकारच्या लेखी सांबऱ्यात पाच एकर दहा गुंठ्यांचा एक शेतकरी होता. बाबा नव्हतेच.

याचा पहिला फटका बसला २००८ ला. त्या आधी १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ झाली होती. २००८ ची केंद्राची कर्जमाफी मोठी होती. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं थकलेलं पीककर्ज पूर्ण माफ. त्यावर असेल तर पाऊण भाग भरा, मग पाव भागाची सूट. आता हिशोब करा. पाच एकर दहा गुंठे म्हणजे दोन हेक्टर बारा आर. बारा आर जास्त! खरं तर दोन भावांच्या दोन चुली, प्रत्येकाकडं एक हेक्टरच्या आसपास. दोघंही पूर्ण माफीत बसले असते. कागदावर एकत्र राहिल्यामुळं आम्ही मोठे शेतकरी ठरलो. कृषी पत्तीनचं कर्ज काकांच्याच नावावर होतं, दोघांनी मिळून घेतलेलं. पाऊण भाग भरायला बाबांनी एक म्हैस विकली. आईला ते अजून लागतं. ती म्हणते, "सरकारनं सगळ्यांचं माफ केलं आणि माझी म्हैस नेली."

निपाणीची आत्या तेव्हा म्हणाली होती की माफी मागायची वेळच का यावी? तिच्या घरी तंबाखू. १९८१ ला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं निपाणीत तंबाखूच्या भावासाठी आंदोलन केलं, तेव्हा पुणे-बेंगळुरू रस्त्यावर हजारो शेतकरी बायका-पोरांसह ठाण मांडून बसले होते. आत्याचे यजमान त्यांत होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या लोकांची मागणी रास्त भावाची होती. मालाला भाव मिळाला असता तर तो ज्यानं माल पिकवला त्याच्या हातात पडला असता, उतारा कुणाच्याही नावावर असो. बाजारात पोतं घेऊन गेलेल्याला कुणी वारसा विचारत नाही. हा फरक मला फार उशिरा कळला. भाव मालाला मिळतो, अनुदान नावाला मिळतं.

मग आलं २०१९. १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात पीएम किसान जाहीर झालं. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात. २४ फेब्रुवारीला गोरखपूरमधून सुरुवात झाली. अट परत तीच, दोन हेक्टर. परत आमचे बारा आर आडवे आले. जूनपासून ती मर्यादा काढली आणि काकांनी अर्ज केला. त्याच जुलैत कर्नाटक सरकारनं वर आणखी चार हजारांची जोड दिली. वर्षाचे दहा हजार झाले.

दहा हजारांनी काय होतं, असं पुण्या-मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे. मीही म्हणालो होतो. एका हप्त्यात भाताच्या रोपलावणीच्या बायकांची थोडी मजुरी भागते, खताचं एक-दोन पोतं येतं. सावकाराकडं किंवा नातेवाइकाकडं तेवढ्यासाठी जावं लागत नाही. आणि पैशापेक्षाही, मोबाईलवर आपल्या नावानं मेसेज येतो. म्हाताऱ्या माणसाला त्याचं अप्रूप असतं. चष्मा लावून तो मेसेज दहा वेळा बघणारे लोक मी पाहिलेत.

काकांना पहिला हप्ता आला तो २०१९ च्या गणपतीच्या सुमारास. त्याच ऑगस्टमध्ये महापूर येऊन गेला होता, भाताची रया गेली होती. गणपतीच्या आदल्या दिवशी काका आमच्या सोप्यात आले आणि बाबांसमोर हजार रुपये ठेवले.

"हे धर. तुझ्या वाट्याचं."

बाबा म्हणाले, "दादा, पैसं तुझ्या नावावर आल्यात. मला कशाला?"

"नाव माझं हाय. शेत दोघांचं हाय न्हवं?"

त्यानंतर प्रत्येक हप्त्याला काका यायचे. बाबा दर वेळी नको म्हणायचे, काका दर वेळी देवळीत नोटा ठेवून चहा पिऊन जायचे. सरकारला माहीत नसलेली एक योजना आमच्या सोप्यात दोन वर्षं चालली.

२०२१ च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काका गेले.

दिवसकार्य झाल्यावर चुलतभावानंच विषय काढला. "काका, आता कागद करून टाकूया. आमच्या पोरांच्यात तुमच्यासारखं जमंल असं मला वाटत नाही." तो खरं बोलला. मला त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं.

मग तलाठी, सर्कल, नाडकचेरी, मोजणी, नकाशा. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. मी पुण्याहून सात वेळा आलो. नावांचा वेगळाच तमाशा. आपल्याकडं नावामागं 'अप्पा' लागतं. कन्नड उताऱ्यावर ते एका तऱ्हेनं, आधारवर इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेनं, पासबुकात तिसऱ्या. उताऱ्याला आधार जोडून शेतकऱ्याचा एफआयडी नंबर काढायचा तर तिन्ही नावं जुळायला हवीत. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला तिघं दिसतात. एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

आणि दोन्ही आत्या. त्यांचाही हक्क होता, २००५ पासून तर मुलाइतकाच. त्यांनी हक्कसोड द्यायची असं घरात ठरलंच होतं, म्हणजे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. निपाणीची आत्या आली, चंदगडची आत्या आली. सही करायच्या आधी चंदगडची आत्या थांबली. आमच्याकडं बायकाही 'करतो, जातो' म्हणतात, तसं ती म्हणाली, "सही करतो की. पण आधी माझं नाव कुठं लिवलंय ते दाखवा."

कागद कन्नडमध्ये होता. तिला वाचता येत नव्हतं. लिहिणाऱ्यानं बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरनं एकदा बोट फिरवलं आणि सही केली. बापाच्या जमिनीच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदा आलं आणि त्याच कागदानं ते गेलं. मी शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही. आजही वाटतं, बोलायला हवं होतं. निदान विचारायला तरी हवं होतं.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबांचा उतारा निघाला. नऊ नंबरच्या कॉलमात त्यांचं नाव, दोन एकर पंचवीस गुंठे. बाबांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाऱ्यात ठेवला. आता पीएम किसानचा अर्ज करूया म्हणून मी लॅपटॉप उघडला, आणि तिथं ती अट दिसली. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर असली पाहिजे. त्यानंतर नावावर आलेली चालते ती फक्त मालक वारल्यावर वारसानं आलेली. चुलतभावाला ती वडिलांकडून वारसानं आली, तो बसला. बाबांना आली ती वाटणीपत्रानं, भावाकडून. ते बसले नाहीत.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. ती तारीख नसती तर लोकांनी एका रात्रीत गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून दहा-दहा नावं लावली असती. आपण आपल्याला ओळखतो. पण त्या नियमाचा अर्थ आमच्या घरात असा झाला की, सरकारच्या लेखी माझे बाबा वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी शेतकरी झाले.

आणि तेवढ्यात सीमेनं पुन्हा एकदा गंमत केली. २०२३ साली इकडं सरकार बदललं आणि कर्नाटकची चार हजारांची जोड बंद झाली. दहाचे सहा झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रानं नमो शेतकरी महासन्मान योजना आणली, २६ ऑक्टोबरला शिर्डीतून पहिला हप्ता दिला. तिकडं सहाचे बारा झाले. चंदगडच्या आत्याच्या मुलाला बारा, सांबऱ्यातल्या माझ्या चुलतभावाला सहा, निपाणीच्या आत्याच्या घरी सहा आणि निपाणीपासून हाकेच्या अंतरावर कागलला बारा. आत्या फोनवर म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, चंदगडास ये." दोघं खूप हसले. मी हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात १९५७ आणि १९७४ फिरत होतं.

एक गोष्ट मात्र मला बाबांनीच दाखवली. आमच्या बांधाला लागून एका शहरातल्या माणसाचं रान आहे. ते गावातला एक जण वर्षानुवर्षं खंडानं करतो. बी त्याचं, खत त्याचं, पुराचं नुकसानही त्याचं. हप्ता मालकाच्या खात्यात. बाबा म्हणाले, "माझं काय घेऊन बसलास? माझं नाव उशिरा तरी लागलं. त्याचं कधी लागणार?"

खरं आहे. १९७४ च्या कायद्यानं कुळाला मालक केलं आणि पुढं शेती खंडानं द्यायलाच बंदी घातली. त्यामुळं आज जो खंडानं करतो तो तोंडी करतो. मालक लिहून देत नाही, दिलं तर जमीन जाईल ही भीती. कायदा ज्याच्यासाठी झाला त्याचाच पुढचा वारस कागदावरून नाहीसा झाला. तेलंगणानं २०१८ ला रयतू बंधू योजनेत एकराला हंगामी चार हजार दिले, तेही जमिनीच्या मालकालाच. ओडिशाच्या कालिया योजनेनं मात्र वाटेकरी आणि भूमिहीन यांनाही धरलं. म्हणजे मनात आणलं तर करता येतं.

आता २७ फेब्रुवारीच्या त्या संध्याकाळकडं परत येतो. दिवेलागणीला चुलतभाव आला. सोप्यात बसला, आईनं चहा दिला. त्यानं खिशातून दोन पाचशेच्या नोटा काढल्या. काही न बोलता देवळीत ठेवल्या, त्याच्या वडलांसारख्याच.

बाबा म्हणाले, "आरं, आता वाटणी झाली. कागद झाला. आता तुझं तुला."

तो म्हणाला, "कागद झाला म्हणून काय झालं, काका?"

बाबांनी नोटा घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांधावर त्या खंडकऱ्याकडं गेले. काय बोलले मला माहीत नाही. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले की त्याचं फवारणीचं औषध आणायचं राहिलं होतं.

मंडळी, पुढच्या वेळी गावाकडं जाल तेव्हा ट्रंक उघडा. उताऱ्यावर कुणाचं नाव आहे बघा, आणि कुणाचं असायला हवं होतं तेही बघा. तोंडी वाटणी असेल तर भाऊ हयात आहेत, बोलताहेत तोवरच कागद करून घ्या. बहिणींना सहीला बोलवायच्या आधी एकदा विचारा. तुमच्या घरच्या अशा गोष्टी असतील तर खाली जरूर लिहा. मी सगळ्या वाचतो.